शेवटच्या दोन रांगा

मिस्त्री आणि पेंटर आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तरीही रोज एकाच शेडमध्ये, एकाच गाडीवर दोघांचे हात चालत. अपघातात चेपलेल्या गाड्या तिथे यायच्या. मिस्त्री ठोकून पत्रा सरळ करायचा, पेंटर त्यावर लांबीची पुट्टी भरून, घासून रंग मारायचा. भांडण झालं ते एका पांढऱ्या गाडीच्या दारावरून. मिस्त्रीचं म्हणणं, दार अजून हाताला लागतंय, तळवा फिरवला की खळगा कळतोय. पेंटरचं म्हणणं, खळगा दारात नाही, दाजींच्या डोक्यात आहे. त्याने रंग मारून टाकला. मिस्त्रीने गिऱ्हाइकाच्या देखत त्या ओल्या रंगावर खिळ्याने रेघ ओढली. झालं. तेव्हापासून जे सांगायचं ते मधल्या माणसामार्फत, आणि मधलं माणूस एकच होतं. मिस्त्रीची बायको, म्हणजे पेंटरची थोरली बहीण.

ती शेडच्या माळ्यावर बसून गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. वर जायला लोखंडी शिडी होती, आणि शिडीच्या तोंडाशी तिचं मशीन, म्हणजे खालचं सगळं तिला दिसायचं.

"तुझ्या भावाला सांग, डाव्या बाजूला अजून हात लावू नको म्हणावं," मिस्त्री खालून म्हणायचा.

पेंटर त्याच्यापासून चार हातांवर उभा असायचा. "ताई, त्यांना सांग, मला डोळे आहेत."

"दोघांनाही तोंडं आहेत," ती वरून म्हणायची. "मी इथे शिवायला बसलेय, निरोप पोचवायला नाही." आणि मशीन पुन्हा घरघरायला लागायचं.

विमानतळ तिथून तीन किलोमीटरवर होता. दर पाच-दहा मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं. त्या गल्लीतली माणसं बोलता बोलता वाक्य मध्येच थांबवत, आवाज गेला की उरलेलं पुरं करत. वर कोणी बघायचं नाही.

त्या दिवशी सव्वाअकरा वाजले होते. मिस्त्री मागच्या अंगणात, दुरुस्तीची वाट बघत उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये एक दार शोधत होता. आवाजाच्या बाबतीत त्याला कोणी फसवू शकत नव्हतं. पत्र्यावर हातोडी पडली की तो आतून चिरलाय की नुसता वाकलाय, हे तो न बघता सांगायचा. आत्ता येणारा आवाज नेहमीचा नव्हता. काहीतरी फाटत होतं आणि फाटायचं थांबत नव्हतं. त्याने मान वर केली तेव्हा विमान शेडच्या छपरापासून फार उंच नव्हतं. एक पंख खाली झुकला होता. पोटाखालचे काळे ओघळ आणि रिव्हेटच्या रांगासुद्धा त्याला दिसल्या.

पंख पलीकडच्या गोदामाला लागला आणि गोदाम मधून कापलं गेलं. मिस्त्री पडला की हवेने त्याला पाडलं, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. तोंड मातीत, कानात शिट्टी, पाठीवर काचा आणि विटा. छातीइतक्या उंचीचं एक चाक अंगणातून उसळत गेलं, दोन गाड्या चिरडून भिंतीतून आरपार झालं. तीन सीटची एक अख्खी रांग वरून येऊन निळ्या गाडीच्या बॉनेटवर आदळली. दोन माणसं पट्ट्याने बांधलेली होती, त्यांची डोकी भलत्याच बाजूला वळलेली. तिसऱ्या सीटवर नुसता पट्टा होता.

विमानाचा पुढचा भाग शेडवरून गल्ली ओलांडून गेला आणि पलीकडच्या रस्त्यावर पेटला. शेपटीकडचा तुकडा, एका बसपेक्षा थोडा मोठा, तुटून मागे राहिला. तो गाड्या ढकलत घसरत आला आणि अंगणाच्या मागच्या भिंतीला टेकून, कुशीवर कलंडून थांबला.

मिस्त्री उठला. शेडचं अर्धं छप्पर नव्हतं. माळा नव्हता.

पेंटर आधीच तिथे होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्त, आणि तो दोन्ही हातांनी फळ्या उपसत होता. मिस्त्री त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. इतकी वर्षं एकत्र गाड्या उचललेल्या, कोणी कुठे धरायचं हे हातांना ठाऊक होतं. शिलाई मशीनचं बिडाचं स्टँड वर आलं, आणि त्याखाली ती होती. डोक्याची कातडी एका बाजूला सोललेली. डावा पाय गुडघ्याखाली जिथे वाकू नये तिथे वाकलेला, आणि हाडाचं टोक साडीतून बाहेर आलेलं.

"जिवंत आहे मी," ती म्हणाली. "असं बघू नका."

त्यांनी तिला ओढत अंगणात आणलं आणि एका गाडीच्या आडोशाला ठेवलं. ओढताना ती ओरडली नाही, पण मिस्त्रीच्या दंडावर तिची नखं रुतली ती निघेनात. तो तिच्या पायाला फळी बांधू लागला.

"ते राहू द्या. कोणीतरी ठोकतंय."

"कुठे?"

"त्या तुकड्यात. ऐका ना. आतून ठोकतायत."

मग त्यालाही ऐकू आलं. पत्र्यावर मुठीने मारल्याचा आवाज, आधी एका जागी, मग तीन-चार जागी. तो धावत शेडमध्ये गेला आणि गॅस कटरची गाडी ओढत बाहेर आला. पेंटर त्याच्या समोर उभा राहिला.

"दाजी, गॅस नको."

आठ महिन्यांनी पहिले शब्द ते. मिस्त्रीचा हात कटरवरच होता.

"वास घ्या," पेंटर म्हणाला. "खाली बघा. आपण तेलात उभे आहोत."

खरंच, पायाखालची माती चिकट आणि चकाकती झाली होती. विमानाचं इंधन त्या तुकड्याच्या बाजूने ओघळत अंगणाच्या उतारावर येत होतं. एक ठिणगी पडली असती तर कोणी उरलं नसतं. मिस्त्रीने कटर तिथेच सोडला. पहार, मोठी छिन्नी, हातोडा, पत्रा कापायची कात्री, आणि हातपंपाचा तो हायड्रॉलिक जॅक, चेपलेल्या गाड्यांची दारं फाकवायला वापरायचा तो. तेवढं घेऊन दोघं तुकड्याकडे गेले.

तुकड्याचं दार भिंतीच्या बाजूला दबलं होतं. पुढचं तुटलेलं तोंड उघडं होतं, पण तिथे वाकलेल्या लोखंडाचा आणि तारांचा गुंता, आणि त्यात अडकलेली माणसं, जी आता ठोकत नव्हती. पलीकडच्या रस्त्यावरची आग इंधनाच्या ओघळावरून हळूहळू त्या तोंडाकडे येत होती. एका खिडकीखाली पत्रा हातभर उकलला होता. मिस्त्रीने तिथे छिन्नी लावली.

विमानाचा पत्रा गाडीच्या पत्र्याहून मऊ निघाला, आतल्या बरगड्या मात्र चिवट. चौथ्या घावाला फटीत एक चेहरा दिसला. पंचविशीची मुलगी, निळा कोट, एक डोळा रक्ताने मिटलेला. एअर होस्टेस होती.

"किती मोठं करू शकता?" तिने विचारलं, जणू दुकानात उभी आहे.

"खांदे जातील एवढं."

"करा. आत आठ आहेत. हलू शकतील असे सहा."

मिस्त्रीने जॅक फटीत बसवला आणि पंप मारायला सुरुवात केली. बरगडी करकरली आणि तुटली. ती आतून एकेकाला ढकलू लागली, पेंटर बाहेरून ओढू लागला. पहिली आली ती एक बाई, तिचा हात खांद्यापासून नुसता कातडीवर लोंबत होता आणि ती पुन्हापुन्हा सॉरी म्हणत होती. मग दोन तरुण. मग एक जाडा माणूस, छातीशी बॅग धरलेला. बॅग भोकातून जाईना आणि तो सोडेना. मागे माणसं ओरडत होती. मुलीने बॅग हिसकावली, जमलं नाही. तिने त्याच्या कानाखाली मारली, तरी तो सोडेना. मग तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. बॅग आत पडली, तो बाहेर पडला, आणि पडल्या पडल्या तिला शिव्या देऊ लागला. पेंटरने त्याची कॉलर धरून त्याला मातीतून फरफटत नेलं. त्याच्यामागून आणखी दोघं आले.

सहा झाले.

आणि मग मागची भिंत बसली. विटा कोसळल्या, तो अख्खा तुकडा एक हातभर खाली घसरला आणि आतून एकच किंकाळी आली. मिस्त्री भोकातून कमरेपर्यंत आत शिरला. आत धूर होता, आणि गरम लोखंडाचा, रक्ताचा, सांडलेल्या कॉफीचा वास. जमीन मधून दुमडली होती. मुलगी तिथे पडली होती, तिचा उजवा पाय घोट्यापासून त्या घडीत गेला होता. मागे, शेपटीच्या टोकाला, खाण्यापिण्याची कपाटं असतात, ती अख्खीच्या अख्खी शेवटच्या दोन रांगांवर आडवी झाली होती.

त्या कपाटांमागून कोणीतरी ठोकत होतं.

"आम्ही दोघं आहोत," म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "आम्हाला लागलेलं नाही. फक्त निघता येत नाही."

मिस्त्रीने मुलीच्या पायाला हात घातला तसा तिने तो हात झटकला.

"आधी मागचे."

"तुमचा पाय..."

"माझं नंतर. मी ड्युटीवर आहे. आधी मागचे."

तो तिच्या अंगावरून सरपटत मागे गेला. कपाट आणि जमीन यांच्यामध्ये जॅक लावला, पंप मारला. कपाट चार बोटं उचललं गेलं. त्या फटीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला आणि त्याने मिस्त्रीचं मनगट पकडलं. पकड घट्ट होती.

"बाबा, हात सोडा. मला काम करू द्या."

हात सुटला. मिस्त्रीने पुन्हा पंप मारला, पण आता कपाट वर जायच्या ऐवजी जॅकखालची जमीनच खाली जाऊ लागली. मऊ पत्रा, त्याला आधार नव्हता. त्याने जॅकखाली एक ट्रे ठेवला, तो कागदासारखा मुडपला. पहार ठेवली, ती निसटली. त्याला कळलं की हे काम होणारं आहे, पण त्याला दहा मिनिटं लागतील.

"दाजी." पेंटर भोकाशी होता, त्याचा आवाज शांत होता. "आग तोंडाशी आली. दोन मिनिटंही नाहीत."

मिस्त्रीने मागे बघितलं. पुढच्या बाजूच्या सीट पेटल्या होत्या. तिथे बसलेल्यांचे केस पेटले होते. उष्णतेने त्याच्या भुवया करपल्या. अग्निशमन दलाचे भोंगे गल्लीच्या पलीकडे वाजत होते, जिथे विमानाचा मोठा भाग जळत होता. या अंगणात असं काही पडलंय हे अजून कोणाला ठाऊक नव्हतं.

"जाऊ नका," कपाटामागचा म्हातारा म्हणाला. त्याने बाहेरचं सगळं ऐकलं होतं. "अहो, जाऊ नका. थोडंसंच राहिलंय."

मग एका बाईचा आवाज आला, तिथे आल्यापासून पहिल्यांदाच. "जाऊ द्या त्यांना," ती आपल्या नवऱ्याला म्हणत होती. "अहो, तिकडे नका बघू. माझ्याकडे बघा. इकडे, माझ्याकडे."

मिस्त्री तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. काय, ते त्याला नंतर आठवलं नाही. तो परत मुलीकडे सरपटला.

जॅक तिच्या पायापाशी लावून उपयोग नव्हता, जमीन तिथेही तशीच मऊ होती. पाय घोट्यावर चिरडला होता आणि हाडाचे तुकडे मोज्यातून बाहेर आले होते. त्याने आयुष्यभर गाड्यांमधून तुटलेले भाग काढले होते. कुठला भाग वाचतो आणि कुठला नाही, हे त्याला बघताच कळायचं.

"चाकू," तो म्हणाला.

पेंटर आत शिरला. त्याच्या कमरेला बहिणीचा रेक्झीन कापायचा चाकू होता. सीटचे पट्टे कापायला तो त्याने उचलला होता.

मुलीला कळलं. "नको," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं ना, आधी मागचे. तुम्ही मला हात लावू नका." तिने मिस्त्रीच्या तोंडावर मारलं, दोनदा, ताकदीने.

त्याने वाद घातला नाही. एका सीटचा पट्टा ओढला, तिच्या गुडघ्याखाली आवळला, हातोड्याचा दांडा घालून पिळला. पेंटरने तिला मागून कवेत घट्ट धरलं. मिस्त्रीने चाकू लावला. रेक्झीनला लागतो तेवढाच जोर लागला, हे त्याच्या लक्षात राहिलं आणि त्याचीच त्याला पुढे शिसारी येत राहिली. मांस कापलं गेलं. हाड बरंचसं आधीच मोडलेलं होतं, जे राहिलं होतं ते पत्र्याच्या कात्रीने तुटलं, दुसऱ्या दाबाला. तिने पेंटरच्या खांद्यात दात रुतवले. ती किंचाळली तो आवाज त्याच्या खांद्यातच गेला.

मग ती सुटली. पेंटर तिला घेऊन भोकातून बाहेर पडला, मिस्त्री त्याच्यामागे. त्याच्या शर्टाची पाठ पेटली होती, पेंटरने ती हातांनी मारून विझवली. दोघांनी मुलीला फरफटत गाड्यांच्या पलीकडे नेलं. तेवढ्यात मागे इंधनाने धडकन पेट घेतला आणि तुकड्याच्या सगळ्या खिडक्या एकदम पिवळ्या झाल्या.

ठोकणं चालू होतं. मिस्त्रीची बायको आडोशाला पडल्या पडल्या ऐकत होती, पेंटर ऐकत होता, वाचलेले सहाही ऐकत होते. जाडा माणूसही गप्प झाला होता. मिस्त्री दोन पावलं पुढे गेला आणि उष्णतेने मागे फेकला गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा पेंटरने त्याला खाली पाडलं आणि त्याच्या छातीवर बसून राहिला.

मग ठोकणं थांबलं.

अग्निशमन दलाची माणसं आली तेव्हा त्यांना अंगणात दहा जिवंत माणसं सापडली. एका अधिकाऱ्याने मिस्त्रीला नाव विचारलं, ते सांगायला त्याला वेळ लागला. त्याची उजवी मूठ उघडत नव्हती. कात्री अजून तीत होती. रुग्णवाहिकेतल्या नर्सने एकेक बोट सोडवून ती काढली.

हॉस्पिटलमध्ये बायकोच्या पायात सळई घातली आणि डोक्याला एकवीस टाके पडले. मिस्त्रीची पाठ भाजली होती, त्याला पालथं झोपवलं. पेंटरच्या खांद्याला इंजेक्शन द्यायचं होतं. डॉक्टरने जखम बघून विचारलं, "कुत्रा चावला का?" पेंटर म्हणाला, "नाही, एअर होस्टेस." डॉक्टरला हसावं की काय कळेना. बहिणीने मात्र तोंड पांघरुणात घातलं आणि हसता हसता रडायला लागली, ती बराच वेळ थांबली नाही.

तिसऱ्या दिवशी नर्स निरोप घेऊन आली. वरच्या मजल्यावरची, पाय गेलेली मुलगी त्यांना भेटायला बोलावत होती. आणि एक माणूसही आला होता. शेवटच्या रांगेतल्या त्या दोघांचा मुलगा.

"त्याला लगेच गेले म्हणून सांगा," बायको म्हणाली. "कळलंही नसेल त्यांना, म्हणा. तेवढंच त्याला रात्री झोप तरी येईल."

"ताई बरोबर म्हणतेय दाजी," पेंटर म्हणाला.

मिस्त्रीने मान हलवली. त्यालाही तेच बरोबर वाटत होतं.

वरची खोली लहान होती, एकच खाट, एक खुर्ची, खिडकीला पडदा. मुलगी उशांना टेकून बसली होती. सुजलेला डोळा अर्धा उघडला होता. कमरेखाली चादर होती, आणि ती त्या बाजूला बघत नव्हती. मिस्त्री खुर्चीच्या कडेला बसला, पाठ टेकू न देता; पेंटर दाराशी उभा राहिला.

"मी तुम्हाला नको म्हणाले होते," ती म्हणाली.

"हो."

"सगळे मला सांगतायत की तुम्ही मला वाचवलंत. मी पायासाठी नको म्हणाले नव्हते. आत दोन माणसं होती. माझी माणसं होती ती."

"ऐकलं होतं मी."

"मग?"

मिस्त्रीने आपल्या हातांकडे बघितलं. "तुमच्यापर्यंत हात पोचत होता. त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. दहा मिनिटांचं काम होतं आणि दोन मिनिटं नव्हती. याहून जास्त काही माझ्याकडे नाही."

तिने खिडकीच्या पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्यांना जागा लांब लांब मिळाल्या होत्या. आजोबा पुढे, आजी मागे. आजोबा मला म्हणाले, पन्नास वर्षांत कधी वेगळे बसलो नाही. शेवटची रांग रिकामी होती, तिथे मी त्यांना बसवलं. आजोबांची पुढची जी मूळ जागा होती, तिच्या आसपासचं कोणी वाचलंय का, ते मी विचारलेलं नाही." तिने नाक पुसलं. "त्या मुलाला मी हे सांगणार आहे. उरलेलं तुम्ही सांगा. मला नीट ऐकू येत नव्हतं, ते काय म्हणत होते."

मिस्त्रीने पेंटरकडे बघितलं. पेंटर भिंतीकडे बघत होता.

मुलगा आत आला. चाळिशीचा, चष्मा, तीन दिवसांची दाढी, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मुलीने त्याला जागेचं सांगितलं. तो ऐकत होता की नव्हता, कळत नव्हतं. मग तो मिस्त्रीकडे वळला.

"तुम्ही आत होता ना. ते आधीच गेले होते का? मला आपटल्या आपटल्या गेले असं सांगितलंय."

सोपं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. मिस्त्रीने तोंड उघडलं आणि त्याला खाटेवरची मुलगी दिसली, ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "जिवंत होते. दोघंही. लागलंही नव्हतं. मी कपाट उचलायला गेलो, ते जमलं नाही. मी त्यांना सोडून आलो."

मुलाने त्याला मारलं. बुक्की ओठावर बसली, मिस्त्री खुर्चीवरून भिंतीवर आदळला आणि पाठीच्या जखमेतून कळ उठली तसं त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. मुलाने पुन्हा मारलं, गालावर. पेंटरने त्याला मागून धरलं.

"सोड त्याला," मिस्त्री म्हणाला.

"दाजी..."

"सोड म्हटलं ना."

पेंटरने सोडलं. मुलगा तिथेच उभा राहिला, मुठी वळलेल्या, चष्मा एका कानावर लोंबणारा. मग तो जमिनीवर बसला.

"काय म्हणाले ते?"

मिस्त्रीने ओठावरचं रक्त पुसलं. तो खाली, मुलासमोर बसला. "तुमचे वडील म्हणाले, जाऊ नका. आई म्हणाल्या, जाऊ द्या त्यांना. मग त्या तुमच्या वडिलांना म्हणाल्या, तिकडे नका बघू, माझ्याकडे बघा."

"असंच म्हणाली?"

"असंच. इकडे, माझ्याकडे, म्हणाल्या. आवाज हलत नव्हता त्यांचा."

"आणि नंतर?"

"नंतर ठोकत होते थोडा वेळ. मी परत जायला बघितलं. जाता आलं नाही."

मुलगा मान खाली घालून बसला. मग तो उठला, चष्मा नीट केला, मुलीच्या खाटेशी गेला आणि तिच्या पायथ्याची चादर, जिथे एकच पाय होता तिथली, उगाच सारखी केली. तो बाहेर पडला. जिन्यावर त्याचा हुंदका ऐकू आला, मग पावलं, मग काही नाही.

पेंटरने मिस्त्रीला बगलेत हात घालून उभं केलं. "ताई मला खाईल आता," तो म्हणाला. "तुम्हाला एकटं सांभाळता आलं नाही म्हणून."

"तिला सांग, पडलो."

"तुम्हीच सांगा. मी निरोप पोचवणं बंद केलंय."

ते दाराकडे निघाले तशी मुलीने हाक मारली.

"मला अजून तुमचा राग येतो," ती म्हणाली. "कदाचित नेहमीच येईल."

"येऊ दे."

"मी अजून बघितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात बघा, आई म्हणते नको. नर्सला बोलवा. तिने पट्टी सोडली की मला धरून बसा. तुम्ही कापलाय, तुम्हीच धरा."

मिस्त्री परत आला. नर्स आली, तिने चादर बाजूला केली, कात्रीने पट्टी कापत गेली. मिस्त्रीने मुलीच्या खांद्यांमागे हात घालून तिला उचलून धरलं. तिच्या पाठीचे मणके त्याच्या तळव्याला लागत होते. तिने त्याची बाही मुठीत पकडली, दीर्घ श्वास घेतला आणि खाली बघितलं.